म्युनिकची स्की ठाण्याच्या पावसाळ्यात: न्यायची कशी, ठेवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्युनिकला चार वर्षं राहिलेलं एक मराठी कुटुंब जूनमध्ये कायमचं ठाण्याला परत जातंय. घरात ताईंच्या स्वतःच्या स्की आहेत, यजमानांचा स्नोबोर्ड आहे आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या छोट्या स्की आहेत. ईस्टरच्या सुट्टीत गाडीने ऑस्ट्रियातल्या टिरोलची एक शेवटची फेरी होईल. मग विमानप्रवास, मग ठाण्याच्या फ्लॅटमध्ये सात-आठ महिने मुक्काम आणि जानेवारीत गुलमर्ग. हे सगळं न्यायचं कसं, ठेवायचं कसं आणि मुळात न्यावं का, असं ताईंनी विचारलंय.

मी मूळचा चिपळूणचा. गेली सतरा वर्षं इन्सब्रुकला राहतो आणि प्रत्येक हिवाळा स्की दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढतो. माझ्या टेबलावर दगडावर घासून आलेल्या स्की पुष्कळ येतात आणि त्या बहुतेक सगळ्या दुरुस्त होतात. हाताबाहेर गेलेल्या असतात त्या वेगळ्याच. कुणी ओल्याच बॅगेत भरून तळघरात ठेवलेल्या असतात, कुणी मिठाच्या पाण्यात भिजलेल्या तशाच कपाटात उभ्या केलेल्या असतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: झाकण्याआधी कोरडं करा. बॅग, बॉक्स, कव्हर ही सगळी पुढची गोष्ट.

असं का, ते स्कीच्या पोटात डोकावलं की कळतं. मध्ये लाकडाचा गाभा असतो, बहुतेक वेळा पॉपलर, ॲश किंवा बीचचा. त्याच्या वर-खाली फायबरग्लासचे थर असतात, काही स्कींमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्राही असतो, आणि हे सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं असतं. खाली पॉलिइथिलीनचा बेस, कडेला प्लॅस्टिकची भिंत आणि बेसच्या दोन्ही बाजूंना पोलादाची बारीक पट्टी, म्हणजे एज. स्नोबोर्डचीही रचना साधारण अशीच. यात पाण्याला घाबरणाऱ्या दोनच गोष्टी आहेत, पोलाद आणि लाकूड. लाकूड सगळीकडून बंद केलेलं असतं, त्यामुळे बेसला गाभ्यापर्यंत भोक पडल्याशिवाय किंवा बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवायच्या खटक्याच्या, स्क्रूमधून पाणी उतरल्याशिवाय त्याला धोका नसतो. पोलाद मात्र उघडंच असतं. पूर्वीच्या लाकडी स्कींना एज नसायची. साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने पोलादी एजचं पेटंट १९२६ मध्ये घेतलं आणि कडक बर्फावर स्की वळवणं सोपं झालं. गंजाची काळजीही तेव्हापासूनच मागे लागली. ही एज गंजरोधक नसते. धार टिकावी म्हणून कार्बन असलेलं कडक पोलाद वापरतात, आणि ते एका रात्रीत तांबूस होतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. घरी दाखवायला म्हणून स्की घेऊन निघालो. आदल्या दिवशी श्टुबाईच्या हिमनदीवर स्की केलं होतं, हातानेच बर्फ झटकला आणि जोडी पॅड असलेल्या बॅगेत घालून चेन ओढली. चिपळूणला बॅग पडवीत टेकवून ठेवली आणि तीन आठवड्यांनी उघडली. आधी कुबट वास आला. मग दिसलं की जिथे दोन स्कींच्या एज एकमेकींना टेकल्या होत्या, तिथे हातभर लांब तपकिरी पट्टा उठलाय. वरवरचा गंज रबरी दगडाने घासून निघाला, पण त्याखाली सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहिलेच. ते आजही बोटाला लागतात. आजोबांनी स्की हातात घेऊन एजवरून अंगठा फिरवला. पडवीतल्या त्यांच्या कोयत्याला पावसाळ्याआधी नेमाने तेलाचा हात लागायचा. मला एवढंच म्हणाले, "लोखंडच ना हे? मग तसंच कसं ठेवलंस?"

आता टिरोलच्या फेरीपासून सुरुवात करू.

रोज संध्याकाळी स्की काढल्यावर जोडी एकमेकींपासून सोडवा आणि जुन्या पंचाने बेस, एज आणि बाइंडिंगखालची जागा पुसा. मिनिटभराचं काम आहे. बाइंडिंगचा ब्रेक, म्हणजे सुटलेली स्की थांबवणारे दांडे, उघडा ठेवला तर त्याच्या सांध्यात साचलेलं पाणी गळून जातं. मग खोलीत किंवा हॉटेलच्या स्कीरूममध्ये भिंतीला टेकवून उभ्या ठेवा. हीटरला चिकटवून नका ठेवू. बुटांचंही तसंच. आतला मऊ बूट शक्य असेल तर बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि तासाभराने बदला. बूट रेडिएटरवर वाळवायला ठेवले की प्लॅस्टिकचा आकार बिघडतो, आणि दुसऱ्या दिवशी पाय का दुखतोय ते कळत नाही. वाळल्यावर बकल अगदी सैल का होईना पण लावून ठेवा, म्हणजे बूट फाकत नाही.

गाडीचा प्रवास छोटा वाटतो. म्युनिकहून इन्सब्रुक जेमतेम १६० किलोमीटर. पण रस्त्यावर मीठ असलं की तेवढ्यातच बरंच नुकसान होतं. टपावरच्या उघड्या रॅकवर स्की लावून आलेली माणसं मी दर आठवड्याला बघतो. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेलं खारट पाणी बाइंडिंगच्या पुढच्या भागात शिरतं आणि वाळल्यावर तिथे पांढरी पापडी धरते. ही पापडी एज तर खातेच, पण बाइंडिंगच्या आतलं ग्रीसही खराब करते, आणि बाइंडिंग वेळेवर सुटणं हा तुमच्या गुडघ्याचा प्रश्न आहे. म्हणून बंद बॉक्स मिळाला तर उत्तम. बॉक्स भाड्यानेही मिळतो, एका फेरीसाठी विकत घेऊ नका. उघडा रॅकच असेल तर स्कींची टोकं मागच्या बाजूला करा, नाहीतर वर वळलेलं टोक वारा धरतं. आणि पोचल्या पोचल्या साध्या, गोड्या पाण्याने धुऊन पुसा. प्रेशरच्या पाइपने मात्र बाइंडिंग कधीच धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि त्यात रॅक व बॉक्सचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. जड बूट खाली डिकीत ठेवा. थोडं अंतर गेल्यावर एकदा थांबून पट्टे आणि लॉक पुन्हा तपासा. स्की गाडीच्या आत, मागच्या सीटच्या मधून घालणार असाल तर त्या पट्ट्याने बांधल्याशिवाय निघू नका. मुलगी शेजारी बसलेली असते. जोरात ब्रेक लागला की पाच-सहा किलोची सुटी जोडी सरळ पुढे येते, आणि तिला अडवायला काहीच नसतं.

डोंगरावर जेवायला थांबाल तेव्हाची एक सवय सांगतो. जोडीतली एक स्की एका रॅकला आणि दुसरी लांबच्या रॅकला लावा. तुमची एक आणि यजमानांचा बोर्ड एकत्र, असं चालेल. चोराला जोडी हवी असते. चुकून दुसऱ्याची स्की उचलणारेही यामुळे थांबतात, आणि माझ्या अनुभवात चोरांपेक्षा तेच जास्त असतात.

ईस्टरहून परत आल्यावर करायचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबतो. जून उजाडायची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यातच स्की टेबलावर आडवी घ्या, बेस वर करून, उजेडात. काय बघायचं? एजवर कुठे ठिणगी उडाल्यासारखा निळसर-काळा डाग आहे का, कड कुठे आत गेली आहे का, बेसमध्ये खोल ओरखडा आहे का. ओरखड्याच्या तळाशी काळ्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकऐवजी लाकडाचा किंवा काचेच्या धाग्यांचा रंग दिसला, तर तो घाव गाभ्यापर्यंत गेलेला आहे. असा घाव भरल्याशिवाय स्की ठाण्याला नेऊच नका. कोकणपट्टीतली जुलैची हवा त्या भोकातून आत शिरते, लाकूड फुगतं आणि थर सुटायला लागतात. थर एकदा सुटले की इपॉक्सी आणि क्लॅम्प लावून सांधता येतात, पण ती स्की पुन्हा पहिल्यासारखी वाकत नाही. वरवरचे ओरखडे पॉलिइथिलीनच्या मेणबत्तीसारख्या कांडीने घरीही भरता येतात. गाभ्यापर्यंतचा घाव दुकानातच द्या.

वरच्या रंगीत थराच्या कडा टवके उडालेल्या असतील, आणि दोन स्की एकमेकींवर आपटल्या की त्या उडतातच, तर बारीक पॉलिश पेपरने गोलसर करून घ्या. एवढंच पुरे, त्याने स्कीच्या चालीत काही फरक पडत नाही.

मग धार. धार लावून घ्यायची तर ती साठवणीच्या आधी. कारण त्यानंतर जे वॅक्स लागणार आहे ते त्या ताज्या, उघड्या पोलादाला झाकणार आहे. म्युनिकमध्ये दुकानात द्याल तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट सांगा: वॅक्स गरम, इस्त्रीने लावलेलं हवं, आणि ते खरवडायचं नाही. बहुतेक ठिकाणी सवयीने खरवडून, ब्रश मारून चकचकीत करून देतात. ते उद्या डोंगरावर जाणाऱ्यासाठी ठीक आहे, आठ महिने ठेवणाऱ्यासाठी नाही.

घरी करायचं असेल तर असं करा. स्की खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बेस नायलॉनच्या ब्रशने टोकाकडून शेपटीकडे घासून पुसा. साधं, सगळ्या हवामानांत चालणारं वॅक्स घ्या. फ्लोरिनवाल्या महागड्या वॅक्सच्या मागे लागू नका, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या मोसमापासून ते शर्यतींतूनही हद्दपार केलंय. इस्त्री वॅक्सच्या वेष्टनावर लिहिलेल्या तापमानाला लावा, साधारण १२० अंशांच्या आसपास. वॅक्समधून धूर आला की इस्त्री जास्त तापली समजा आणि लगेच उचला, कारण बेसचं प्लॅस्टिक स्वतःच १३५ अंशांच्या जवळपास वितळतं. वॅक्सची वडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडत जा, मग इस्त्री एका लयीत पुढे सरकवा. इस्त्रीच्या मागे वितळलेल्या वॅक्सची ओलसर, चमकणारी पट्टी वीतभर दिसली आणि लगेच धुरकट होत गेली की वेग बरोबर आहे. इस्त्री एका जागी कधीही थांबवायची नाही. शेवटी एजच्या दोन्ही बाजूंना वॅक्स मुद्दाम ओघळू द्या. बोटाने चाचपून पोलाद कुठेही उघडं लागत नाही ना ते बघा. मग थंड होऊ द्या आणि तसंच ठेवा, पांढरट, जाडसर, ओबडधोबड. आजोबांच्या कोयत्याला तेल, तसं हे वॅक्स.

कपड्यांच्या इस्त्रीने चालेल का, असं मला नेहमी विचारतात. वाफेच्या भोकांची इस्त्री नको, भोकांत वॅक्स अडकतं. जुनी, सपाट बुडाची चालेल, पण तिचं तापमान वर-खाली होतं म्हणून कमीवर ठेवा, आणि नंतर ती कपड्यांना पुन्हा वापरू नका.

एजला मशीनचं तेल लावलं तर? पोलादाला काही होत नाही, पण तेल बेसवर पसरतं आणि पुढच्या वॅक्सला धरू देत नाही. वॅक्सच बरं. रबरी दगडाने हलका गंज काढल्यावरही लगेच वर वॅक्स द्या.

बाइंडिंगबद्दल इंटरनेटवर दोन मतं वाचायला मिळतील. साठवताना स्प्रिंग सैल करून शून्याकडे आणा, असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. आजच्या बाइंडिंगच्या स्प्रिंग दाबाखाली राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या सैल केल्या आणि जानेवारीत पुन्हा लावायला विसरलात, किंवा अंदाजाने लावल्या, तर पहिल्याच उतारावर स्की विनाकारण सुटेल किंवा नको तेव्हा सुटणार नाही. दोन्हीत इजा ठरलेली. सध्याचा झेड आकडा (बाइंडिंग किती जोराला सुटावं ते ठरवणारा), बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं वजन एका कागदावर लिहा आणि तो बुटात ठेवा. शक्य असेल तर निघण्याआधी म्युनिकमध्ये मशीनवर बाइंडिंगची सुटण्याची चाचणी करून घ्या आणि त्याचा कागद बरोबर न्या.

आणखी एक जुनी समजूत. स्कींच्या मध्ये लाकडी ठोकळा घालून दोन्ही टोकं आवळून ठेवायची, म्हणजे स्कीच्या मधला उचललेला बाक, तिची कमान, राहते. पूर्ण लाकडाच्या स्की होत्या तेव्हा हे खरंच करावं लागायचं. आताच्या स्कींची कमान फायबरग्लासमध्ये पक्की झालेली असते, तिला असा ताण नकोच असतो. दोन टोकांना सैल पट्टे बांधा, मध्ये घट्ट आवळू नका.

स्नोबोर्डचं थोडं वेगळं. बाइंडिंग पूर्ण काढा. घट्ट स्क्रूखाली बेसवर बारीक खळगे पडू शकतात, आणि गरम वॅक्स करताना ते जास्त पडतात. स्क्रू एका छोट्या पिशवीत घालून पिशवी बाइंडिंगलाच बांधा, आणि बाइंडिंग कुठल्या कोनात लावलं होतं ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्क्रूड्रायव्हर जाड, तीन नंबरचा लागतो. घरातला बारीक स्क्रूड्रायव्हर वापरला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि ऐन वेळी स्क्रू निघत नाही. हे अवजार म्युनिकहूनच घेऊन जा, युरो दोन युरोंसाठी ठाण्यात शोधत बसू नका.

आता विमान. पॅड असलेल्या एका दुहेरी बॅगेत तुमच्या स्की, काठ्या आणि यजमानांचा बोर्ड एकत्र मावतात का ते आधी रिकाम्या बॅगेत करून बघा. बाइंडिंगसकट एक जोडी साधारण पाच-सहा किलोची, बॅग तीन-एक किलोची, त्यामुळे २३ किलोच्या मर्यादेत बसतं. राहिलेल्या जागेत जाकिटं आणि स्वेटर भरा. पण ते कुठे भरायचे? टोकांना आणि शेपट्यांना, कारण बॅग उभी पडते आणि मार तिथे बसतो. बाइंडिंगच्या पुढे-मागे दुसरी जागा, कारण तिथे बॅग सर्वात फुगीर असते आणि वर दुसऱ्या बॅगा पडतात. माझ्या एका फेरीत ब्रेकचा दांडा वाकून आला होता, तेव्हापासून मी ब्रेक रबरी पट्ट्याने वर बांधून त्याभोवती टॉवेल गुंडाळतो. बेस एकमेकांसमोर ठेवा आणि मध्ये जुनी चादर घाला. बोर्डच्या एज बॅगेचं कापड आतून कापतात. एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी उभी चिरून एजवर चढवली की हा प्रश्न मिटतो.

तिकीट काढताना स्की बॅग वेगळी नोंदवा. काही कंपन्या ती नेहमीच्या सामानात धरतात, काही वेगळे पैसे घेतात, आणि तुमच्या तिकिटाच्या प्रकारावर ते बदलतं. लेखी होकार जवळ ठेवा. कुठल्याही एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. लांब बॅग नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही, मोठ्या सामानाच्या खिडकीवर द्यावी लागते आणि उतरल्यावरही बहुधा बाजूच्या दारातून येते, म्हणून अर्धा तास जादा धरा. गरम होणाऱ्या मोज्यांच्या किंवा बुटांच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. आणि तुमच्यापैकी कुणाकडे सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र असेल तर ते युरोपातच विकून टाका. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळांवर लोक त्यात अडकलेत.

बूट मात्र जमलं तर हातात न्या. वजन कमी करायची वेळ आली तर स्की सोडा, बूट सोडू नका. स्की भाड्याने मिळतात, तुमच्या पायाला बसलेला बूट कुठेच भाड्याने मिळत नाही. गुलमर्गला भाड्याची स्की घ्यायची ठरवलीत तर एवढं बघा की तुमच्या बुटाचा तळ नव्या, चालायला सोप्या ग्रिपवॉक प्रकारचा आहे का. जुन्या बाइंडिंगमध्ये तो नीट बसत नाही आणि बाइंडिंग नीट सुटत नाही.

जूनमध्ये मुंबईला उतराल तेव्हा बॅग लगेच उघडू नका. विमानाच्या पोटात थंड झालेल्या पोलादावर मुंबईची दमट हवा लागली की पाण्याचे थेंब धरतात, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतात तसे. बॅग बंदच घरात चार-पाच तास राहू द्या. मग उघडा, सगळं पुसा, बॅग उलटी करून पंख्याखाली वाळवा, आणि स्की त्या बॅगेत परत घालू नका. बॅग प्रवासासाठी असते. साठवणीत ती दमटपणा धरून ठेवते.

ठेवायचं कुठे? पोटमाळा नको. मे महिन्यात स्लॅबखालचा पोटमाळा तापतो आणि पावसाळ्यात तिथे हवाच खेळत नाही. बाल्कनी नको, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, आणि पश्चिमेची, पावसाची झोड खाणारी भिंत तर अजिबात नको. घरातली सर्वात कोरडी आतली भिंत शोधा. बेडरूममधल्या कपाटाचा आतला कप्पा, जिथे आठवड्यातून एकदा तरी दार उघडतं आणि एसी लागतो, तो सर्वात चांगला. उभ्या ठेवा किंवा पलंगाखाली आडव्या, दोन्ही चालतं. फक्त फरशीला थेट टेकवू नका, खाली थर्माकोलचा तुकडा द्या. वर जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. सिलिका जेलच्या पुड्या बुटांत ठेवा, पण पहिल्या पावसातच त्या भरून जातात, म्हणून रंग बदलणाऱ्या घ्या आणि त्या वाळवून पुन्हा वापरा.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा सगळं बाहेर काढा. एजवरून बोट फिरवा, वॅक्स कुठे निघालंय का, तांबूस ठिपका आहे का ते बघा. ठिपका असेल तर तेवढाच घासा आणि वर वॅक्सची वडी चोळा. बुटांच्या आतल्या कापडावर बुरशीचा पांढरा थर धरला असेल तर कोरड्या कापडाने पुसून दिवसभर पंख्याखाली ठेवा. बुटांकडे मी जास्त लक्ष द्यायला सांगतो, कारण पोलाद गंजलेलं दिसतं, पण प्लॅस्टिक म्हातारं झालेलं दिसत नाही. बऱ्याच बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं, आणि उष्ण, दमट हवेत काही प्रकारचं पॉलियुरेथेन आतल्या आत तुटत जातं. वरून ठीकठाक दिसणारा, बारा-पंधरा वर्षांचा बूट उतारावर एकदम फुटलेला मी हातात घेऊन पाहिलाय. तुमचे बूट चार वर्षांचे आहेत, पुढची काही वर्षं काळजी नाही. पण दर डिसेंबरला तळाच्या टाचेजवळ नखाने दाबून बघा. बारीक भेगा किंवा चुरा दिसला की ते बूट पुन्हा घालू नका.

चढण्यासाठी स्कीला खालून चिकटवायच्या स्किन कुणाकडे असतील तर त्यांच्या गोंदाला उन्हाळा सोसत नाही. जाळीचा कागद मध्ये घालून, हवाबंद डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

मुलीच्या स्की नेऊ नका. अकराव्या वर्षी मूल एका मोसमात स्कीतूनही वाढतं आणि बुटातूनही. जानेवारीपर्यंत तिच्या बुटाचा आकार बदललेला असेल, म्हणजे बाइंडिंग पुन्हा बसवणं आलं, आणि ते काम नियमाप्रमाणे, योग्य साधनांनी करणारं माणूस ठाण्यात मिळणं कठीण. म्युनिकमध्ये त्या स्कींना गिऱ्हाईक लगेच मिळेल. आलेल्या पैशांत तिचं नवं हेल्मेट घ्या. हेल्मेट आपटलेलं असेल तर ते तसंही बदलायला हवं, वरून चरा दिसला नाही तरी.

आणि गुलमर्ग. काश्मीरमध्ये चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, पण बर्फ पंचांग बघून पडत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बराच काळ जवळजवळ कोरडं होतं. बर्फाचा थर पातळ असला की खाली दगड आणि झाडांची खोडं असतात, आणि तुम्ही इतकं जपलेला बेस एका दुपारी फाटतो. जमत असेल तर तारखा जानेवारीच्या शेवटाकडे किंवा फेब्रुवारीत सरकवा.

श्रीनगरच्या विमानतळावर सामानाची तपासणी कडक असते, बॅग उघडावी लागेल अशा हिशेबाने भरा. टेप गुंडाळून पक्की करू नका. तिथून गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपर्यंत आणि पुढे वर गुलमर्गला, बर्फ जास्त असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनी जावं लागतं, आणि स्की टपावरच्या कॅरिअरवर दोरीने बांधतात. हा प्रवास लहान आहे, पण स्कीसाठी अख्ख्या मुंबई-श्रीनगर प्रवासापेक्षा खडतर. बॅगेतून काढू देऊ नका. दोरी बाइंडिंगवरून न जाता तिच्या पुढून आणि मागून जाऊ दे, आणि दोरीखाली तीच काळी फोमची नळी ठेवा. बांधताना शेजारी उभ्या राहा. गाडीवाल्या भाईंना आधीच सांगितलं की ते मनापासून नीट बांधतात. त्यांना दिवसाला अशा कितीतरी बॅगा बांधायच्या असतात, तुमचीच जपून बांधायची हे त्यांना आपणहून कसं कळणार?

साठवणीचं वॅक्स ठाण्यातच, निघण्याच्या आठवड्यात खरवडून या. प्लॅस्टिकचा स्क्रेपर घ्या, आधी एजवरचं वॅक्स सोडवा, मग बेसवरचं टोकाकडून शेपटीकडे लांब हातांनी काढा, आणि ब्रश मारा. खाली वर्तमानपत्र पसरा, कारण वॅक्सचा भुसा फरशीवर पडला तर घरभर घसरगुंडी होते. बरोबर एज घासायचा, हिऱ्याची पूड बसवलेला एक छोटा दगड, रबरी दगड आणि तो तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर ठेवा.

पहिल्या सकाळी हॉटेलच्या उबदार खोलीतून स्की काढून थेट बर्फावर टाकू नका. गरम बेसखाली बर्फ वितळतो, लगेच पुन्हा गोठतो आणि स्कीला खाली बर्फाचे गोळे चिकटतात. दाराबाहेर दहा मिनिटं उभ्या ठेवा, तेवढ्यात तुमचा कहवा पिऊन होईल, आणि मग बूट अडकवा.